पाणी उलटे फिरते तेव्हा

जलवाहिनीतील पाणी नेहमी नळाकडेच वाहते, अशी आपली समजूत असते. ती पूर्णपणे खरी नाही. मुख्य पाइपातील दाब एकदम घटला की टाकीतील, बागेतील किंवा कारखान्यातील घाण पाणी मागे ओढले जाते आणि पिण्याच्या पाण्यात मिसळते.

१९६९ साली अमेरिकेतील वूस्टर शहरात हेच घडले. आग विझविण्यासाठी पाणी उपसल्याने दाब घटला आणि होली क्रॉस कॉलेजच्या मैदानातील फवारनळाभोवती साचलेले दूषित पाणी पाइपात शिरले. तेच पाणी फुटबॉल संघाने प्यायले. ९७ पैकी ९० जणांना काविळीच्या विषाणूची लागण झाली. दोन सामन्यांनंतर संघाला सारा हंगाम सोडून द्यावा लागला.

हे टाळण्यासाठी अमेरिकेत कोणती साधने वापरतात व त्यांचे सर्वसाधारण नियम काय, ते आपण पाहू.

१) हवेचे अंतर : सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय. नळाचे तोंड टाकीच्या काठापेक्षा नळाच्या व्यासाच्या दुप्पट, निदान १ इंच, उंच असावे.

२) प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर : बागेच्या पाण्यासाठी. पुढील सर्वांत उंच तोंडापेक्षा १२ इंच वर बसवावा.

३) डबल चेक व्हॉल्व्ह : धोका कमी असेल तेथेच. तपासणीत दोन्ही झडपांनी प्रत्येकी दर चौरस इंचास निदान १ पौंड दाब धरला पाहिजे.

४) रिड्यूस्ड प्रेशर व्हॉल्व्ह : रसायने किंवा रोगजंतूंचा धोका असेल तेथे. दोन झडपांच्या मधला निचरा-व्हॉल्व्ह दाबातील फरक २ पौंडांखाली जाण्यापूर्वी उघडला पाहिजे. हे साधन खड्ड्यात कधीही बसवू नये. निचऱ्याचे तोंड पाण्यात बुडाले तर तेथूनच घाण आत शिरेल. म्हणून ते जमिनीपासून निदान १२ इंच वर ठेवतात.

व्हॉल्व्ह बसविला म्हणजे काम संपले असे नाही. रबर झिजते, झडपेत वाळूचा कण अडकतो. तरीही नळाला पाणी येतच राहते, त्यामुळे मालकाला बिघाड कळत नाही. म्हणून बसविल्यावर, दुरुस्तीनंतर, जागा बदलल्यावर आणि पुढे दरवर्षी प्रमाणपत्रधारक तपासनीसाकडून गेज लावून तपासणी करून घेतात व अहवाल पाणीपुरवठा खात्याला देतात. बाजारातील साधा एनआरव्ही येथे चालत नाही, कारण त्याला गेज जोडण्यासाठी तपासणीचे कॉक नसतात.

आपल्याकडे अनेक गावांत पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा थांबला की पाइप रिकामे होतात आणि ओढ निर्माण होते. बादलीत बुडालेली रबरी नळी किंवा टाकीत बुडालेले नळाचे तोंड, दोन्ही यामुळेच धोक्याची ठरतात. आमच्या प्लंबर बांधवांना आमची विनंती आहे की, नवी टाकी जोडताना आधी हवेचे अंतर मोजावे. परदेशी कामाला जाणाऱ्यांनी तेथील तपासणीचे प्रमाणपत्र मिळविण्याचा प्रयत्न करावा. हे कौशल्य रोजगारही देते आणि लोकांचे प्राणही वाचवते.