शेल सुरू होताना काय वाचते?

संगणकाला टंकून आज्ञा देता येतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. त्या आज्ञा वाचून अमलात आणणाऱ्या कार्यक्रमाला 'शेल' म्हणतात. शेल म्हणजे कवच; प्रणालीच्या गाभ्याभोवती ते असते, म्हणून हे नाव. लिनक्सवर बहुधा 'बॅश' हे शेल आढळते. ते १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झाले.

आता एक कोडे पाहा. एका विद्यार्थ्याने 'बॅश_प्रोफाइल' नावाची नवी फाइल तयार केली. पुढच्या लॉगिनला त्याची 'प्रोफाइल' फाइलमधली जुनी मांडणी नाहीशी झाली! जुनी फाइल तर जागच्या जागी होती. मग झाले काय?

उत्तर वाचनाच्या क्रमात आहे. लॉगिन करताना बॅश आधी सर्वांसाठीची सामाईक 'प्रोफाइल' वाचते. नंतर तुमच्या स्वतःच्या निर्देशिकेत 'बॅश_प्रोफाइल', 'बॅश_लॉगिन' आणि 'प्रोफाइल' या फाइली याच क्रमाने शोधते. पहिली सापडली की पुढच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. नव्या फाइलीने जुनीची वाट अडवली ती अशी.

लॉगिनशिवाय नुसते बॅश सुरू केले, तर ते यांऐवजी 'बॅशआरसी' वाचते. या खाजगी फाइलींच्या नावाआधी टिंब असते. म्हणून साध्या यादीत त्या दिसत नाहीत.

दोन प्रकार कशासाठी? आज्ञा कोठे शोधायच्या हे सांगणारा 'पाथ' एकदा निर्यात केला, की पुढे सुरू होणाऱ्या कार्यक्रमांना तो वारशाने मिळतो. त्याला लॉगिनची फाइल पुरते. आज्ञांची टोपणनावे मात्र वारशाने मिळत नाहीत. प्रत्येक शेलला ती नव्याने वाचावी लागतात. म्हणून त्यांची जागा 'बॅशआरसी'त. लॉगिनलाही ती हवी असतील, तर लॉगिनच्या फाइलीतून 'बॅशआरसी' वाचण्याची आज्ञा द्यावी.

करून पाहा : फाइलींच्या प्रती आधी जपून ठेवा. प्रत्येक फाइलीत तिचेच नाव छापणारी 'इको'ची एक ओळ घाला. मग रोमन लिपीत 'बॅश' आणि 'बॅश --लॉगिन' अशा आज्ञा देऊन कोणती नावे उमटतात ते टिपा. एक जुनी खिडकी उघडीच असू द्या. 'पाथ' बिघडला तर नव्या खिडकीत साध्या आज्ञाही सापडणार नाहीत. दुरुस्ती जुन्या खिडकीतून करता येईल.

विचार करा : फाइलीत लिहिलेला आज्ञासंच चालवताना बॅश यांपैकी एकही फाइल वाचत नाही. मग 'बॅशआरसी'तले टोपणनाव तेथे चालेल का?