डोमेन नावाची मुदत आणि मालकी

संकेतस्थळासाठी डोमेन नाव 'विकत घेतले' असे व्यवहारात म्हटले जाते. वस्तुतः ते विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, त्याची नोंदणी होते. मुदत संपून नूतनीकरण न झाल्यास ते दुसऱ्या कोणाच्याही हाती जाऊ शकते. मग हक्क कोणाचा?

या संदर्भात बंगळूरच्या न्यायालयात सुरू झालेला एक दावा मार्गदर्शक ठरला. सत्यम इन्फोवे कंपनीने १९९९ मध्ये 'सिफी' या शब्दावर आधारित नावे नोंदवली होती. पुढे सिफीनेट सोल्युशन्सने 'सिफ्फीनेट' हे नाव घेतले. दिवाणी न्यायालयाने दिलेला तात्पुरता मनाई हुकूम कर्नाटक उच्च न्यायालयाने उठवला. परंतु ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा लागू केला. डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यवसायाची ओळख आहे. म्हणून व्यापारचिन्हासारखेच त्याला संरक्षण मिळू शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हे तत्त्व मुदत संपलेल्या नावांनाही उपयोगी पडते. मात्र केवळ पूर्वीची नोंदणी दाखवून भागत नाही. डॉट कॉमसारख्या नावांच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते आहे, नव्या धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवून वापरले आहे. सर्वसामान्य शब्दाचे नाव असल्यास हे अवघड जाते.

त्यापेक्षा वेळीच केलेले नूतनीकरण सोपे. डॉट कॉम नाव रद्द झाल्यावरही जादा शुल्क भरून ते परत मिळवण्यास ३० दिवसांचा अवधी असतो. नोंदणी संगणक-सेवा पुरवणाऱ्याच्या नव्हे, तर संस्थेच्याच नावे असावी. स्मरणपत्रे ज्या ई-मेलवर येतात तो चालू असावा.

बँक ग्राहकांच्या दृष्टीने आणखी एक धोका आहे. डोमेन दुसऱ्याकडे गेल्यास त्यावरील ई-मेलही त्याच्या हाती पडू शकतात, खात्याचे विवरणपत्रसुद्धा! म्हणून नाव सोडण्यापूर्वी किंवा हातचे गेल्यास तत्काळ, शाखेत नवा ई-मेल नोंदवावा. न्यायालय नाव परत मिळवून देईल. परक्याने वाचलेले पत्र मात्र परत येत नाही.