हुकलेली बोट



'स्थलांतर' हा शब्द आपण बहुधा वर्तमानपत्रातील आकड्यांसोबत वाचतो. आज तो एका कुटुंबासोबत वाचू या. २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टर सोमवारी, देवाघरी गेलेले पोप फ्रान्सिस यांचे हे कुटुंब.

बेर्गोल्यो घराणे उत्तर इटलीच्या पिएमोंते प्रांतातले. मूळ गाव आस्तीजवळचे पोर्ताकोमारो. पोप फ्रान्सिस यांचे आजोबा ज्योव्हान्नी, आजी रोझा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा मारिओ हे पुढे तुरिन शहरात राहत होते. ज्योव्हान्नी यांचे भाऊ १९२२ साली अर्जेंटिनात गेले. तेथे पाराना शहरात त्यांनी रस्ते बांधणीची कंपनी काढली आणि चार मजली घर उभारले. गावात लिफ्ट असलेले ते पहिले घर होते. त्या काळापर्यंत वीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अर्जेंटिनात पोहोचली होती. त्यांतील असंख्य लोक गरिबीमुळे निघाले होते. बेर्गोल्यो कुटुंब मात्र उपाशी नव्हते. भावंडांजवळ राहावे या ओढीने त्यांनी निघायचे ठरवले.

'प्रिन्चिपेस्सा माफाल्दा' या आगबोटीची तिकिटे काढून झाली. पण घरातल्या चीजवस्तूंची विक्री वेळेत आटोपली नाही आणि बोट त्यांच्याविना गेली. २५ ऑक्टोबर १९२७ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिच्या पंख्याचा दांडा तुटला, आत पाणी शिरले आणि ती बुडाली. तीनशेहून अधिक माणसे दगावली. कितीतरी जण तिसऱ्या वर्गातून नवे आयुष्य शोधायला निघालेले गरीब प्रवासी होते.

१९२९ च्या सुरुवातीला तिघेही 'ज्युलिओ चेझारे' या बोटीने जेनोवा बंदरातून निघाले व ब्युनोस आयर्सला उतरले. तिकडे ऐन उन्हाळा. पण रोझाबाईंच्या अंगात कोल्ह्याच्या फरची कॉलर असलेला जाड कोट होता. घरदार विकून आलेली सारी पुंजी त्या कोटाच्या अस्तरात शिवलेली होती!

पुढे सारे सुरळीत झाले का? नाही. जागतिक मंदी आली. १९३२ साली ते चार मजली घर विकावे लागले, घराण्याची कबरसुद्धा विकावी लागली. मारिओ शिकलेले हिशेबनीस. पण त्यांची इटलीतील पदवी अर्जेंटिनात ग्राह्य धरली जात नव्हती. अशा वेळी त्यांच्या ओळखीचे सेलेशियन धर्मगुरू फादर एन्रिको पोझ्झोली मदतीला आले. त्यांनी खटपट करून दोन हजार पेसोंचे कर्ज मिळवून दिले. त्यातून आजी-आजोबांनी किराणा दुकान घेतले आणि हिशेबनीस मारिओ टोपलीतून घरोघरी माल पोहोचवू लागले. याच फादरांनी १९३५ साली मारिओ आणि रेजिना यांचे लग्न लावले आणि १९३६ च्या नाताळच्या दिवशी त्यांच्या पहिल्या बाळाला स्नानसंस्कार दिला. बाळाचे नाव होर्हे. तेच आपले पोप फ्रान्सिस.

या कथेतून आपण दोन गोष्टी शिकू या.

पहिली : बेर्गोल्यो कुटुंब वाचले आणि माफाल्दावरची कुटुंबे बुडाली, यात कोणाचे पुण्य जास्त आणि कोणाचे कमी नव्हते. सामान विकायला उशीर झाला, एवढाच फरक. आपले ठीक चालले आहे ते केवळ आपल्या कर्तबगारीने, असे ज्याला वाटते तो दुसऱ्याच्या संकटात त्याची चूक शोधतो. आपण वाचलो ही कृपा, असे जो मानतो तो दुसऱ्याला हात देतो. पोप फ्रान्सिस रोमबाहेरच्या पहिल्या दौऱ्यासाठी ८ जुलै २०१३ रोजी लाम्पेदुसा बेटावर गेले. आफ्रिकेतून येताना बुडालेल्यांसाठी त्यांनी समुद्रात पुष्पचक्र वाहिले आणि मिस्सा अर्पण केली. माफाल्दाची कथा त्यांनी लहानपणापासून घरात ऐकली होती.

दुसरी : फादर पोझ्झोली यांनी भीक मिळवून दिली नाही, कर्ज मिळवून दिले. दान माणसाची आजची भूक पाहते. कर्ज त्याच्या उद्यावर विश्वास ठेवते. परक्या गावात माणसाला पैशाची वाण असतेच, पण त्याहून अधिक वाण असते ती त्याच्यासाठी शब्द टाकणाऱ्याची.

परदेशात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना तिथे कोणीतरी असा माणूस भेटावा, अशी आपण रोज प्रार्थना करतो. मग आपल्या गावात भाड्याच्या खोलीत राहून राबणाऱ्यांसाठी तो माणूस कोणी व्हायचे?

या आठवड्यात कुटुंबात बोलू या :

१. आपले वाडवडील कोणाच्या आधाराने उभे राहिले? मुलांना ते नाव माहीत आहे का?

२. आपल्या आळीत नव्याने राहायला आलेल्या एका तरी कुटुंबाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?

३. कोणासाठी आपण शब्द टाकू शकतो : शाळेत, दवाखान्यात, नोकरीच्या ठिकाणी?

तुमचे धर्मगुरू