वाहन सल्ला: क्लच कधी ओरडतो, ते आधी ऐका

*संदेश 1 / 4*



आज पिकाचा सल्ला नाही, गाडीचा आहे. पाऊस तोंडावर आलाय, बियाणं-खताच्या फेऱ्या सुरू होतील. त्याआधी आपली भाजी बाजारात नेणारी गाडी एकदा तपासून घ्या.

मी कृषी पदविकावाला माणूस, मेकॅनिक नाही. तरी हे का लिहितोय, ते आधी सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात एका पहाटे टेम्पो आला नाही म्हणून तीन सभासदांची भेंडी मी माझ्या जुन्या व्हॅनमध्ये घातली. मागची सीट काढून 8 क्रेट. मुरबाडहून चार वाजता निघालो. म्हारळपर्यंत ठीक. शहाडच्या पुलावर चढाला गाड्यांची रांग. पुढची गाडी हलली, मी क्लच सोडला, रेस दिली. इंजिन ओरडतंय, पण गाडी जागची हलेना. मग जळका वास. दुसरी गाडी मिळून माल बाजार समितीत पोचेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलं होतं. उरलेल्या गिऱ्हाईकाने निम्म्याने मागितली.

त्यात एका काकूंचे तीन क्रेट होते. त्या म्हणाल्या, "जाऊ दे पोरा, तू तरी काय करणार!"

पण करण्यासारखं होतं. उलट जे करायला नको, ते मी पंधरा दिवस आधी करून ठेवलं होतं. रिव्हर्स टाकताना खर्र आवाज यायचा, म्हणून मी स्वतःच केबलचा नट आवळला. आवाज गेला. पेडल लगेच पकडायला लागलं, मी खूश. पेडलला थोडी ढील ठेवावी लागते, हे मला माहीतच नव्हतं. चूक गाडीची नव्हती, माझी होती. तुमची होऊ नये म्हणून हा धडा.

*संदेश 2 / 4: आवाज ओळखा*

पान पिवळं पडलं की आपण लगेच युरिया टाकत नाही. आधी बघतो, खालचं जुनं पान पिवळं आहे की शेंड्याचं कोवळं. खालचं असेल तर नत्राकडे बघतो, शेंड्याचं असेल तर लोहाकडे. रंग एकच, कारण वेगळं. क्लचचंही तसंच. आवाज कसा आहे यापेक्षा *कधी येतो* हे महत्त्वाचं.

आधी आत काय घडतं ते थोडक्यात. पेडल वर असतं तेव्हा बैल जुंपलेले असतात: इंजिनचं चाक (फ्लायव्हील) आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जाते. पेडल दाबलं की बैल सुटले: एक बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटला रेटतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. या बेअरिंगला गॅरेजवाले क्लच बेअरिंग किंवा रिलीज बेअरिंग म्हणतात.

आता तपासणी. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, काचा खाली, रेडिओ-पंखा बंद. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं नको, पोरं तर नकोच.

*1) इंजिन बंद. पेडल हाताने हळूहळू दाबा.*
चूं-चूं किंवा करकर आलं तर दोष पेडलच्या बुशमध्ये, केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सजवळच्या फोर्कच्या सांध्यात. हा सगळ्यात स्वस्त आजार. पेडलच्या बुशला ग्रीस लावा. केबलच्या टोकाशी तारा सुटलेल्या दिसल्या तर केबल बदला, ती कधीही तुटेल.

*2) इंजिन चालू, न्यूट्रल, पाय पेडलवर नाही.*
घरघर येते आणि पेडल पूर्ण दाबल्यावर थांबते? मग संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. आधी गिअरबॉक्सचं ऑइल तपासून घ्या. जुन्या डिझेल गाडीत मंद खडखड असते आणि तीही पेडल दाबल्यावर जाते. आवाज वर्षानुवर्षं तेवढाच असेल तर घाबरू नका, वाढत असेल तर दाखवा.

*3) आता पेडल अगदी हलकं दाबा, जरासा भार लागेपर्यंत.*
इथे सूं किंवा किर्र सुरू झालं आणि पाय काढल्यावर गेलं, तर ते रिलीज बेअरिंग. बाहेरून तेल-ग्रीस मारून हे बरं होत नाही. काही दिवस गाडी चालेल, पण घाटात आणि भरल्या गाडीने जाऊ नका.

*4) पेडल पूर्ण तळाला.*
आवाज फक्त इथेच येत असेल, तर काही गाड्यांमध्ये इंजिनच्या शाफ्टच्या टोकात एक छोटं पायलट बेअरिंग असतं, ते गेलेलं असू शकतं. पुढची चाकं ओढणाऱ्या पुष्कळ छोट्या गाड्यांत ते नसतंच. म्हणून कोणी ते बदलायला सांगितलं, तर आधी विचारा: माझ्या गाडीत ते आहे का?

*5) गाडी सुटताना थरथर.*
प्लेटवर तेल आलंय, प्लेट झिजलीय किंवा इंजिनचे रबरी माउंटिंग गेलेत. माउंटिंग आधी बघायला सांगा, ते स्वस्त पडतात.

*6) रिव्हर्स टाकताना खर्र.*
क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलला ढील जास्त झालीय, केबल ताणलीय किंवा ऑइलवाल्या क्लचमध्ये हवा शिरलीय. माझ्या गाडीत हेच होतं आणि उपायही बरोबर होता. प्रमाण चुकलं. औषध बरोबर पण डोस दुप्पट, असं झालं.

*संदेश 3 / 4: पेडलची ढील कशी लावायची*

पेडल दाबायला लागलं की सुरुवातीचा थोडा भाग अगदी हलका जातो, मग भार लागतो. त्या हलक्या भागाला फ्री प्ले म्हणतात, आपण ढील म्हणू.

ढील अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग कायम रेटलेलं राहतं. प्लेट पूर्ण दाबली जात नाही, घसरते, तापते, जळते. ढील फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतो. शिवाय केबलच्या गाडीत प्लेट झिजत जाते तशी ढील आपोआप *कमी* होत जाते. म्हणून एकदा लावली की झालं, असं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मोजा.

*आधी ओळखा, गाडी केबलची की ऑइलची.* ओम्नी, अल्टो, वॅगन आर अशा गाड्यांत केबल असते. पुष्कळ पिकअप आणि मोठ्या गाड्यांत ऑइलचा (हायड्रॉलिक) क्लच असतो. खालची कृती *फक्त केबलसाठी* आहे.

✅ इंजिन बंद. हँडब्रेक. चाकांना दगडाची उटी. इंजिन थंड होऊ द्या.

✅ फुटपट्टी पेडलशेजारी उभी धरा. पेडल मोकळं असताना उंची बघा. मग बोटाने दाबत भार लागेपर्यंत न्या, पुन्हा उंची बघा. दोन्हीतला फरक म्हणजे ढील. छोट्या केबल गाड्यांत ती साधारण 15 ते 25 मिमी असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे, तोच धरा.

✅ गिअरबॉक्सजवळ केबल जिथे फोर्कच्या दांडीला जोडलेली असते, तिथे सहसा दोन नट असतात: एक फिरवायचा, दुसरा त्याला अडवून ठेवणारा चेकनट. आधी चेकनट ढिला करा. एकच नट असेल तर तोच फिरवायचा.

✅ नट *आवळला की ढील कमी, सोडला की ढील जास्त.* एका वेळी अर्धा फेरा, त्यापेक्षा जास्त नाही.

✅ पेडल आठ-दहा वेळा पूर्ण दाबा, पुन्हा मोजा. जमलं की चेकनट घट्ट करा. हा विसरला तर खड्ड्यांनी सगळं पुन्हा हलेल.

✅ शेवटी परीक्षा. इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. खर्र नको. मग मोकळ्या जागेत, हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट पकडतेय. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय, लगेच क्लच दाबा. ही परीक्षा *एकदाच* करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

नट शेवटपर्यंत आला तरी ढील जमत नसेल तर थांबा. केबल ताणलीय किंवा प्लेट संपलीय. आता पाना ठेवा आणि मेकॅनिक गाठा.

*ऑइलचा क्लच असेल तर* नटाच्या नादी लागू नका. ऑइलच्या डबीची पातळी बघा. कमी होत असेल तर गळती शोधा: पेडलच्या वरच्या सिलिंडरजवळ आणि गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरवर ओल दिसते का? पेडल मऊ लागणं, दाबल्यावर खाली बसणं हीही गळतीची किंवा हवेची खूण. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल (डॉट 3 किंवा डॉट 4) घाला. इंजिन ऑइल *चुकूनही* नको, आतले रबर फुगून निकामी होतात.

ट्रॅक्टरलाही ढील लागतेच, पण तिचा आकडा वेगळा आणि काही ट्रॅक्टरना डबल क्लच असतो. चिखलणीआधी माहितगाराकडूनच बघून घ्या.

*संदेश 4 / 4: खर्च आणि सवयी*

वरच्या यादीतले 2, 3 आणि 4 नंबरचे दोष दुरुस्त करायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खरा खर्च त्या मजुरीचा. म्हणून एकदा उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही तपासून, झिजले असतील तर एकदमच बदला. आणि जुने भाग मागून घ्या, डोळ्याने बघा.

पण 1 नंबरच्या चूं-चूंसाठी किंवा नुसत्या ढिलीसाठी कोणी "पूर्ण क्लच सेट टाकावा लागेल" म्हणालं, तर विचारा: "आवाज पेडल दाबल्यावर येतो की सोडल्यावर? ढील किती मोजली?" उत्तर देणारा मेकॅनिक चांगला. न मोजता सेट सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.

सवयी मोजक्याच:

🔸 *क्लचवर पाय ठेवून चालवू नका.* पाय नुसता टेकला तरी ढील संपते. गिअर बदलला की पाय बाजूला.

🔸 *चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका.* शहाडचा पूल असो की दुर्गाडीजवळची रांग, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. 2018 मध्ये जुना पत्री पूल पाडला, नवा 2021 मध्ये सुरू झाला. मधल्या काळात कल्याण-शीळ रस्त्याने भाजी नेणाऱ्यांना विचारा, रांगेत क्लच कसा संपतो ते. आजही पहाटे रांग चुकत नाही.

🔸 *क्षमतेपेक्षा जास्त क्रेट नकोत.* दोन क्रेटचं भाडं वाचतं, प्लेटचं आयुष्य जातं.

🔸 *पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी ठेवू नका.* दमट हवेत प्लेट गंजून चिकटू शकते. दोन-तीन दिवसांनी चालू करून थोडी फिरवा. रायत्याच्या पुलावर उल्हासचं पाणी असेल तर गाडी घालूच नका, तिथे प्रश्न क्लचचा नाही, जिवाचा आहे.

काकूंची भेंडी यंदाही होती. या वेळी मी निघायच्या आदल्या संध्याकाळी फुटपट्टी लावली: 20 मिमी. पहाटे शहाडच्या पुलावर तीच रांग, तोच चढ. गाडी गुमान चढली. काकूंना यातलं काही सांगितलं नाही, फक्त पट्टी आणून दिली.

हा संदेश जपून ठेवा आणि घरात गाडी चालवणाऱ्याला वाचून दाखवा. आवाज ओळखता येत नसेल तर तपासणीच्या पायऱ्या करताना तो फोनवर रेकॉर्ड करा आणि *कितव्या पायरीला आला* ते बोलून याच नंबरवर पाठवा. नुसतं "गाडी आवाज करते" लिहू नका, नाहीतर मी विचारणारच: कधी? 😊

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी