गावरान कोंबडीचा धंदा : पिल्लं टाकण्याआधी पंचांग उघडा

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, गावरान कोंबडीपालन सुरू करू का?" करा. पण आधी हे वाचा.

गावरान कोंबडी म्हणजे आपल्या खाण्यातला मानाचा पदार्थ. कोकणात जावई आला की वडे-कोंबडी, घाटावर जत्रेला पाहुणे आले की चुलीवरचा रस्सा आणि भाकरी. गिऱ्हाईक ब्रॉयलरपेक्षा जास्त पैसे मोजतं, ते या चवीसाठी. ही चव येते कुठून? वेळातून. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो. गावरान पक्षी उकिरडा उकरतो, किडे-गवत खातो, झाडावर चढून बसतो आणि दीड किलो भरायला साडेपाच महिने घेतो. म्हणून त्याचं मांस घट्ट असतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते याच साडेपाच महिन्यांचे, आणि तुमचा खर्चही तेवढेच दिवस चालू असतो.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या भागातले भाव टाकून पुन्हा करा.

१०० पिल्लं, ४० रुपयांप्रमाणे ४,००० रुपये. त्यातली १० मेली असं धरा, राहिली ९०. फिरून खात असली तरी वरून खाद्य द्यावंच लागतं. एका पक्ष्याला ७ किलो, ३० रुपयांनी २१० रुपये, म्हणजे ९० पक्ष्यांचे १८,९०० रुपये. लस, औषध, पिल्लांना ऊब देणारे बल्ब, खालचा भुसा असं मिळून २,००० रुपये. आणि तुमची मजुरी! रोज एक तास, ६० रुपयांनी, १६५ दिवसांचे ९,९०० रुपये. एकूण ३४,८०० रुपये. म्हणजे एक पक्षी पडला ३८७ रुपयांना.

"घरचीच माणसं करतात, मजुरी कशाला धरायची?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. घरच्या माणसाचा तास फुकट धरून दिसतो तो नफा नसतो, ती आईची किंवा बायकोची न दिलेली मजुरी असते.

दीड किलोचा पक्षी जिवंत वजनावर ३२० रुपये किलोने विकला तर ४८० रुपये आले. सुटले ९३ रुपये. ९० पक्ष्यांचे ८,४०० रुपये. पण १० ऐवजी २० पिल्लं दगावली तर हाच नफा ५,७०० वर येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात मानमोडीची म्हणजे राणीखेतची लासोटा लस आणि दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची लस चुकवू नका. पुढच्या डोसांचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून आणा.

आता पंचांग. आषाढी अमावस्या म्हणजे आपली गटारी. त्या आठवड्यात कोंबडी मागाल तो भाव मिळतो. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि निम्मी गिऱ्हाइकं महिनाभर गायब. तुमचे पक्षी गटारीनंतर पंधरा दिवसांनी तयार झाले तर काय होईल? एका पक्ष्याचं आठवड्याचं खाद्य १५ रुपये, मजुरी साधारण ५. चार आठवडे सांभाळला की ८० रुपये गेले. ९३ मधले उरले १३! पक्षी तोच, कष्ट तेच. नफा श्रावणात दाणे टिपून गेला.

म्हणून उलटं मोजा. आषाढी अमावस्येपासून साडेपाच महिने मागे गेलं की माघी पौर्णिमा येते. पिल्लं त्याच्या जरा आधी शेडमध्ये हवीत. मध्ये अधिक महिना येत असेल तर सगळं एक महिना पुढे. हीच रीत चैत्रातल्या जत्रांना आणि दसऱ्यानंतरच्या मागणीला लावा. नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार मात्र मंदीचे धरून चाला. आणि सगळी पिल्लं एकदम टाकू नका, दोन-तीन तुकड्या करा.

विकताना दोन गोष्टी आधीच सांगून टाका. दीड किलोच्या पक्ष्याचं सोलून साधारण एक किलो मटण मिळतं, आणि गावरान शिजायला वेळ लागतो. ब्रॉयलरच्या सवयीने वीस मिनिटांत उतरवलं की चिवट लागतं, मग "म्हातारी कोंबडी दिली" म्हणून फोन येतो. मंद आचेवर तासभर ठेवा, रस्सा भरपूर करा, एवढं पिशवी देताना बोललात की तक्रार येत नाही. दुकानदारीत हे बोलणं फुकट असतं, तरी लोक कंजुषी करतात.

वनराजा, गिरिराजा या सुधारित जातीही चांगल्या आहेत, लवकर वजन धरतात. पाळा की. फक्त गावरान म्हणून विकू नका. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला पक्षी हातात घेतला की कळतं.

आणि "पिल्लं आमची, अंडीही आम्हीच वाट्टेल त्या भावाने घेऊ, तुम्ही फक्त आगाऊ पैसे भरा" असं कोणी म्हणालं तर थांबा. कडकनाथच्या अशाच योजनेत २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कडकनाथ पक्षी उत्तमच आहे, झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्या योजनेत खाणारं गिऱ्हाईकच कुणी शोधलं नव्हतं. तुमच्या दहा किलोमीटरच्या आत कोण विकत घेईल, ती नावं वहीत नसतील तर पिल्लांची ऑर्डर देऊ नका.

गटारीला भाव बघून सगळा माल मात्र काढू नका. चांगल्या दहा तलंगा आणि एक तगडा कोंबडा मागे ठेवा. त्यातली एखादी खुडूक बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा. २१ दिवसांनी पिल्लं तयार. पुढच्या तुकडीतली तेवढी पिल्लं तरी ४० रुपये देऊन आणावी लागणार नाहीत.