खांदा कधी बदलायचा, हे कळणारी मुलं

"सर, पोरगं हुशार आहे, पण त्याले चारचौघांत बोलताच येत नाही. कॉम्प्युटरला टाकलं तर निभेल का?" अकोल्यात समुपदेशनाला बसलो की हा प्रश्न हमखास येतो. त्यामागून दुसरा : व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू का?

बोलणं, ऐकून घेणं, माणसं सांभाळणं शिकवता येतं, असं माझं ठाम मत आहे. मात्र ते व्याख्यानं ऐकून येत नाही. करायचं, चुकायचं, कुणीतरी नेमकी चूक दाखवायची आणि पुन्हा करायचं, याच वाटेनं येतं.

सराव मुलाखतीत तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला मी गटात काम केल्याचा अनुभव विचारला. "काहीच नाही, सर." मग श्रावणात काय करतोस, असं सहज विचारलं आणि गडी खुलला. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या मंदिराकडे येणाऱ्या कावडी अकोलेकरांना सांगायला नकोत. त्याच्या मंडळाच्या कावडीला खांदा कुणी, कधी द्यायचा, हे तो ठरवायचा. सारख्या उंचीची पोरं जोडीनं लावायची, नाहीतर कावड कलते. दमलेला कधीच दमलो म्हणत नाही. त्याची चाल पाहून ओळखायचं आणि सगळ्यांसमोर न हिणवता बदली द्यायची. हे मुलाखतीत सांगण्याजोगं आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आपली मुलं इथंच मागे पडतात. इंग्रजी अडखळलं की त्यांना वाटतं, आपल्याला बोलताच येत नाही. इंग्रजी लागतंच, त्यासाठी रोज मेहनत करावी. पण आधी आपला प्रकल्प आजीला वऱ्हाडीत समजावून सांगता येतो का, ते पाहा. विचार स्पष्ट नसेल तर कुठलीच भाषा मदतीला येत नाही.

लिहिण्याचंही तसंच. त्याच विद्यार्थ्यानं काम रखडल्याचा मेल लिहून दाखवला : "काम चालू आहे, लवकरच होईल." मी तीनदा परत लिहायला लावला. शेवटी उतरलं ते असं : "लॉगिनचं पान तयार आहे. पैसे भरण्याचं पान बँकेकडून चाचणी खातं न मिळाल्यानं थांबलंय. गुरुवारपर्यंत मिळालं तर सोमवारी देतो." अर्ध्या तासात शिकला.

माणसं सांभाळण्याचंही तसंच. गूगलनं 2002 मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून पाहिले होते. प्रयोग काही महिनेच टिकला. खर्चाच्या मंजुऱ्या आणि आपसातले वाद थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्या टेबलावर येऊ लागले. पुढे त्याच कंपनीनं चांगल्या मॅनेजरांचे आठ गुण शोधले. सहकाऱ्याला घडवणं पहिलं आलं, तांत्रिक ज्ञान आठवं. त्या गुणांचं प्रशिक्षण दिल्यावर कमी पडणारे मॅनेजरही सुधारले.

सगळ्यांनी मॅनेजर व्हावं, असं मात्र नाही. कोडमध्ये रमणाऱ्याला रमू द्या. आपलं म्हणणं मांडता येणं त्यालाही लागतंच.

तेव्हा आईबाबांनो, क्लासची फी भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा : प्रकल्पाचे गट कॉलेज पाडतं की मित्र-मित्रच एकत्र येतात? प्रत्येकाला उभं राहून बोलावं लागतं की एकटाच बोलतो? मार्गदर्शक अहवालावर शेरे लिहितात की नुसती सही करतात? आणि यंदा मंडळाचा हिशेब मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. वर्गणीचा, खर्चाचा, पै न पैचा. सभेत उभं राहून तो त्यांनीच वाचायचा.