व्रत एकाचे, आधार सर्वांचा



यंदा फेब्रुवारीत आपल्या धर्मग्रामातील आम्ही बावीस जण नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाऊन आलो. सोनाळ्याहून एसटीने शेगाव आणि तेथून रेल्वेने नाशिकरोड असा प्रवास झाला. यात्रेविषयी मी प्रवचनात सांगितलेच आहे. आज दुसऱ्या दिवसाविषयी लिहितो, कारण त्या दिवशी तुमच्या धर्मगुरूला एक धडा मिळाला आणि तो सर्वांच्या उपयोगाचा आहे.

दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम तरुण मंडळींनी ठरवला होता. सकाळी पांडवलेणी पाहायची आणि दुपारी एखादी वायनरी. नाशिकला येऊन द्राक्षारस कसा तयार होतो हे पाहायचे नाही, असे कसे? मीही होकार दिला. मिस्सामध्ये आपण ज्या द्राक्षारसाचे अर्पण करतो तो कसा बनतो हे आपल्या लोकांना समजावे, एवढाच विचार माझ्या मनात होता.

डोंगरातील विहार

पांडवलेणी नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गाजवळच्या डोंगरात आहेत. त्यांचे मूळ नाव त्रिरश्मी. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. खोदकामाला इसवी सनाच्या आधी सुरुवात झाली आणि पुढे काही शतके ते चालू राहिले. अठराव्या क्रमांकाचे लेणे हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. बाकीची बहुतेक लेणी विहार, म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा. मध्ये मोठे दालन आणि तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या. खोलीत झोपण्यासाठी दगडाचाच ओटा. आपल्यातील एक मावशी त्या ओट्यावर हात फिरवत म्हणाल्या, "फादर, इथं निजत असतीन तं पाठ किती दुखत असन त्यायची!"

दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हे लेणे संघाला दान दिले. भिक्खूंच्या निर्वाहाची तजवीज म्हणून त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून ठेवली. ही ठेव कोठे ठेवली? गोवर्धन गावातील विणकरांच्या दोन संघांकडे. दोन हजार एका संघाकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसऱ्या संघाकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, असे दगडात कोरून ठेवले आहे.

मी तेथेच तरुणांना हिशेब घातला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. शिलालेख सांगतो की पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब अगदी चोख! दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे नव्वद इतर किरकोळ खर्चाला.

आता विचार करा. भिक्खूने घरदार सोडले, मालमत्ता सोडली. पण त्याच्या अंगावरचे वस्त्र कोठून आले? गावातील विणकरांच्या संघाने ठेव सांभाळली, दरवर्षी व्याज दिले, तेव्हा त्या वीस जणांचे त्यागाचे व्रत चालू राहिले. व्रत भिक्खूचे आणि आधार विणकरांचा.

या भिक्खूंच्या नियमात मद्य वर्ज्य होते. आपल्या गावातील बौद्ध बांधव विहारात पंचशील म्हणतात, त्यातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. आणि आज या डोंगराच्या चहूकडे, नाशिक जिल्ह्यात, द्राक्षारसाचा उद्योग उभा आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर तो झपाट्याने वाढला.

द्राक्षमळ्यातील मठ

लेण्यांच्या पायऱ्या उतरताना एका तरुणाने विचारले, "फादर, यांच्यात दारू चालत नव्हती. मग आपल्या मठांत कशी चालायची?" प्रश्न योग्य होता.

नागपूरच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मी प्रथम या मठांविषयी वाचले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचे चाळिसावे प्रकरण पेयाविषयी आहे. द्राक्षारस मठवासीयांना खरे तर शोभत नाही, असे आपण वाचतो, पण आजच्या मठवासीयांना ते पटवता येत नाही, म्हणून निदान मोजून प्यावे, असे ते तेथे म्हणतात. प्रत्येकाला दिवसाचे एक ठरावीक माप. आणि ज्यांना देवाने न पिण्याचे बळ दिले आहे त्यांना वेगळे पारितोषिक मिळेल, असेही ते आवर्जून लिहितात.

हीच नियमावली अधिक काटेकोरपणे पाळावी म्हणून १०९८ मध्ये फ्रान्समधील बर्गंडी भागात सितो येथे नवा मठ सुरू झाला. त्यावरून या संघाला सिस्टर्शियन असे नाव पडले. या मठवासीयांनी ओसाड जमिनी कसल्या, द्राक्षवेली लावल्या. बर्गंडीतील क्लो द वूजो हा दगडी कुंपणाचा प्रसिद्ध मळा त्यांचाच. ११३६ मध्ये संत बर्नार्ड यांनी आपल्या मठातून काही बंधू जर्मनीत पाठवले आणि ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात एबरबाख मठ उभा राहिला. तेथेही द्राक्षमळे फुलले.

पण इतिहास पूर्ण सांगायला हवा. गरिबीसाठी सुरू झालेले हे मठ द्राक्षमळ्यांमुळे श्रीमंत झाले. एबरबाखच्या तळघरात १५०० च्या सुमारास सुमारे सत्तर हजार लिटरचे महाकाय पिंप होते. १५२५ मध्ये शेतकऱ्यांचे बंड झाले तेव्हा बंडकऱ्यांनी मठात तळ ठोकून ते बरेचसे रिकामे केले! पुढे १८०३ मध्ये तो मठ बंद झाला. इमारत आज लोक पाहायला जातात, मळ्यांत द्राक्षे अजून पिकतात, पण मठवासी तेथे नाहीत. माप ठरवणारे संत बेनेडिक्ट आणि ते पिंप, दोन्ही आपल्याच परंपरेत आहेत हे विसरू नये.

गाडीत बसून राहिलेला माणूस

हे बोलत आम्ही खाली आलो. गाडीत बसताना मावशी म्हणाल्या, "फादर, आता त्या दारूच्या कारखान्यात काऊन नेता आमाले? गावात काय कमी हाय का?" सगळे हसले. एक जण मात्र हसला नाही. तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "फादर, तुमी जा समद्यायले घेऊन. मी गाडीतच बसतो."

या बंधूने दोन वर्षांपूर्वी दारू सोडली. तो आणि त्याची पत्नी यांनी परवानगी दिली म्हणून लिहितो. नाव विचारू नये. दारूने त्याची दोन एकर जमीन गेली होती आणि मुलीची शाळा सुटली होती. आता मुलगी पुन्हा शाळेत जाते. हे सर्व मला ठाऊक होते. तरीही वायनरीला होकार देताना तो मला आठवला नाही.

मी त्याच्याशेजारी बसलो. बोलता बोलता तो जे म्हणाला ते ऐकून मी सुन्न झालो. सणासुदीच्या मिस्सामध्ये मी ख्रिस्तशरीर ख्रिस्तरक्तात बुडवून देतो. त्या एका थेंबाची त्याला भीती वाटते. म्हणून नाताळपासून तो कोणत्याच रविवारी ख्रिस्तप्रसादाला पुढे आला नव्हता. "सणाले नाही गेलो, मंग लोकं काय म्हनतीन म्हनून रविवारीबी मागंच बसलो." मी वेदीवरून त्याला मागे बसलेला पाहत होतो आणि त्याची श्रद्धा थंडावली असे समजत होतो.

संत थॉमस काय सांगतात

द्राक्षारस पिणे पाप आहे काय, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात घेतला आहे. त्यांचे उत्तर असे: देवाने निर्माण केलेली वस्तू स्वतः वाईट नाही. पण चार परिस्थितींत ती पिणे गैर ठरते. पिणाऱ्याला ती सहज बाधत असेल तर. त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल तर. तो मापाबाहेर पीत असेल तर. आणि त्याच्या पिण्यामुळे दुसरा अडखळत असेल तर.

पहिल्या तीन गोष्टी आपण दारूड्याला सांगतो. चौथी आपल्याला लागू आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, हेच सांगितले आहे: माझ्या खाण्यापिण्याने भाऊ अडखळत असेल तर मी ते टाळलेले बरे. लग्नात, हळदीत, ख्रिसमसच्या रात्री "एवढ्याने काय होते" असे म्हणून दारू सोडलेल्या माणसाच्या हातात पेला देणारे आपणच असतो. नंतर तो पडला की त्याला नावे ठेवणारेही आपणच.

त्या दुपारी आम्ही वायनरीला गेलो नाही. तरुणांनी कुरकुर केली नाही, हे त्यांचे मोठेपण. वाटेत एका शेतकऱ्याच्या द्राक्षबागेत थांबलो. काढणी चालू होती. त्याने सांगितले, वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी छाटणी. आणि वेल तारांच्या मांडवावर बांधावी लागते, नाहीतर घडांच्या वजनाने ती जमिनीवर येते. योहानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलाचा दाखला मी अनेकदा वाचला आहे. छाटणीवर पुष्कळ प्रवचने दिली, मांडवावर एकही दिले नाही.

आपण काय करणार

पहिली गोष्ट श्रद्धेची. भाकरीच्या रूपात ख्रिस्त संपूर्ण आहे, शरीर आणि रक्त दोन्ही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६२ मध्ये हे स्पष्ट शिकवले आहे. केवळ भाकरीच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याला काहीही कमी मिळत नाही. धर्मगुरूंमध्येही मद्याचा आजार असलेले असतात. त्यांना महागुरूंच्या परवानगीने, आंबण्याची क्रिया थांबवलेला द्राक्षांचा ताजा रस वापरता येतो, असे रोमने २००३ मधील पत्रात सांगितले आहे. आजारी माणसाची काळजी घेणे म्हणजे श्रद्धा पातळ करणे असे ख्रिस्तसभा मानत नाही.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. बुडवलेला ख्रिस्तप्रसाद जिभेवरच दिला जातो. म्हणून यापुढे सणाच्या मिस्सामध्ये ज्यांना फक्त ख्रिस्तशरीर हवे असेल त्यांनी हात पुढे करावेत. कोणी कारण विचारणार नाही. मीही हात पुढे करणाऱ्यांत कोण आहे हे मोजणार नाही. लहान मुले, आजारी माणसे, ज्यांना आवडेल ते सर्व हात पुढे करू शकतात.

तिसरी गोष्ट तुमच्याकडे. आपल्या धर्मग्रामाच्या जेवणावळीत, लग्नघरी, नामकरणात दारू ठेवू नये अशी माझी विनंती आहे. हा हुकूम नाही. वीस भिक्खूंच्या वस्त्रासाठी विणकरांनी ठेव सांभाळली, तशी एका भावाच्या व्रतासाठी आपण एवढी ठेव सांभाळू शकतो.

तो बंधू मागच्या रविवारी ख्रिस्तप्रसादाला पुढे आला. हात पुढे करून.

कुटुंबात चिंतनासाठी

१. आपल्या नात्यात किंवा शेजारात दारू सोडण्याचा प्रयत्न करणारे कोणी आहे का? आपल्या घरी आल्यावर त्याला सोपे जाते की अवघड?

२. ख्रिस्तप्रसादाला पुढे न येणाऱ्याविषयी आपण काय समजतो? कधी त्याला प्रेमाने विचारले आहे का?

३. रोमकरांस पत्र १४ आणि योहान १५ हे अध्याय एकत्र वाचा. माझ्यामुळे कोण अडखळते? मी कोणाचा मांडव होऊ शकतो?

प्रभू येशू, जे न पिण्याचे व्रत घेऊन रोज झगडत आहेत त्यांना बळ दे, आणि आम्हांला त्यांच्या आधाराला उभे कर. आमेन.

आपला,
धर्मगुरू, सोनाळा